मत्स्यालयातील पाणवनस्पतींचे पोषण व निगा

मत्स्यालयातील पाणवनस्पतींचे पोषण व निगा म्हणजे घरगुती गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात (फिश टँकमध्ये) जिवंत वनस्पती लावणे, त्यांना प्रकाश, कर्ब व अन्नद्रव्ये पुरविणे आणि त्यांची छाटणी व स्वच्छता करणे होय. जिवंत वनस्पती माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया व नायट्रेट शोषून घेतात, दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात आणि पिल्लांना आडोसा देतात. खत देण्याच्या पद्धतीवर मात्र वनस्पतींप्रमाणेच माशांचेही जीवित अवलंबून असते; कारण शेतात निर्धोक असलेले खत काचेच्या पेटीतील पन्नास-शंभर लिटर पाण्यात विषारी ठरू शकते.

महाराष्ट्रात या विषयाचा शेतीशी निकटचा संबंध येतो. पुणे जिल्ह्यातील घोड नदीवरील डिंभे धरणाच्या परिसरात, म्हणजे आंबेगाव व जुन्नर तालुक्यांत, ठिबक सिंचनासाठी वापरली जाणारी विद्राव्य खते गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत मिळतात. जगभरातील मत्स्यालय-छंदिष्ट कोरड्या स्वरूपात वापरतात ती पोटॅशियम नायट्रेट, मोनो पोटॅशियम फॉस्फेट व पोटॅशियम सल्फेट ही रसायने याच खतांमध्ये मोडतात. त्यामुळे कोणते पाकीट चालते व कोणते नाही, हा येथील नवशिक्यांपुढील पहिला व्यावहारिक प्रश्न ठरतो.

पार्श्वभूमी

वनस्पती व मासे एकत्र ठेवल्यास पाणी दीर्घकाळ चांगले राहते, हे इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास गोल्डफिश, गोगलगाई व व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती एका भांड्यात ठेवून दाखविले. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील पुस्तकामुळे ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानचे ताकाशी अमानो यांनी वनस्पतींना केंद्रस्थानी ठेवून निसर्गदृश्यासारखी मत्स्यालये रचण्याची शैली लोकप्रिय केली. अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तळाशी साधी माती वापरून, कमी खर्चाच्या व कमी यंत्रसामग्रीच्या मत्स्यालयाची मांडणी केली. टॉम बार यांच्या पद्धतीत सर्व अन्नद्रव्ये मुबलक देऊन दर आठवड्याला निम्मे पाणी बदलले जाते. ही पद्धत भरपूर प्रकाश व कार्बन डायऑक्साइड असलेल्या टाक्यांसाठी आखलेली आहे. मंद प्रकाशाच्या टाकीत तिच्या पूर्ण मात्रेची गरज पडत नाही.

नवशिक्यांसाठी योग्य वनस्पती

सहज जगणाऱ्या वनस्पतींचे अन्न घेण्याच्या रीतीनुसार तीन गट पडतात.

पहिल्या गटातील वनस्पती दगडावर किंवा लाकडावर वाढतात. आग्नेय आशियातील जावा फर्न आणि पश्चिम आफ्रिकेतील अनुबियास या दोन्हींचे जाडसर आडवे खोड वाळूत पुरल्यास कुजते. म्हणून त्या दोऱ्याने दगडाला बांधाव्या लागतात. जावा फर्नच्या पानाखाली दिसणारे तपकिरी-काळे ठिपके अनेकदा रोग समजले जातात. प्रत्यक्षात ते बीजाणूंचे पुंजके असतात. दोन्ही वनस्पती संथ वाढतात, पाण्यातूनच अन्न घेतात व कमी प्रकाशात टिकतात. जावा मॉस हे शेवाळवर्गीय रोपही याच गटात येते.

दुसऱ्या गटातील वनस्पती मुळांवाटे बरेच अन्न घेतात. व्हॅलिसनेरियाची पाने फितीसारखी लांब असतात. ही वनस्पती धावत्या खोडाने पसरते आणि कठीण, म्हणजे क्षारयुक्त पाण्यात उत्तम वाढते. श्रीलंकेतील क्रिप्टोकोरिन वेंड्टी मंद प्रकाशातही टिकते, पण जागा बदलली की तिची पाने एकाएकी गळून विरघळतात. अशा वेळी मुळे शाबूत असतील तर काही आठवड्यांत नवी पाने येतात, म्हणून ती उपटून टाकू नये. ॲमेझॉन स्वोर्ड ही दक्षिण अमेरिकेतील मोठ्या पानांची वनस्पती मुळांपाशी खत मागते. लहान टाकीत ती अडचण करते.

तिसऱ्या गटातील वनस्पती झपाट्याने वाढतात व पाण्यातील अन्नद्रव्ये वेगाने उचलतात. सेराटोफायलम म्हणजेच हॉर्नवर्ट या वनस्पतीला मुळेच नसतात. ती तरंगत ठेवली तरी चालते. भारतीय उपखंडातील हायग्रोफिला डिफॉर्मिस व हायग्रोफिला पॉलिस्पर्मा या दोन्ही नवशिक्यांना विशेष उपयोगी आहेत. औषधी म्हणून परिचित असलेला तालीमखाना याच प्रजातीतील आहे. ब्राह्मी (बॅकोपा मोनिएरी) ही दलदलीतील वनस्पती पूर्णपणे पाण्याखालीही जगते, मात्र तेथे तिची वाढ मंदावते. नव्या टाकीत सुरुवातीला याच गटातील वनस्पती भरपूर लावल्या तर शेवाळाचा त्रास बराच कमी होतो.

पाणी

आंबेगाव तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून असल्याने तेथे भरपूर पाऊस पडतो, तर पूर्वेकडे पर्जन्यमान झपाट्याने घटते. पावसाचे साठवलेले पाणी सहसा मृदू असते. विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात जमिनीतील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरलेले असतात. कठीण पाण्याने बहुतेक सोप्या वनस्पतींचे काही बिघडत नाही. किंबहुना व्हॅलिसनेरिया व हॉर्नवर्ट यांना ते मानवते. अशा पाण्याचा सामू बहुधा ७.५ च्या वर असतो, आणि पुढे सांगितल्याप्रमाणे त्याचा परिणाम लोह व अमोनिया या दोहोंवर होतो.

सघन बागायती भागातील विहिरींच्या पाण्यात शेतातून झिरपलेले नायट्रेट आधीच असू शकते. म्हणून खत सुरू करण्यापूर्वी टाकीत भरावयाच्या पाण्याची नायट्रेट-चाचणी करणे आवश्यक असते. त्यात २० मि.ग्रॅ. प्रति लिटरहून अधिक नायट्रेट आढळल्यास बाहेरून नत्र देण्याचे कारण उरत नाही. नळपाणी योजनेच्या पाण्यात टीसीएल पावडरीमुळे क्लोरीन असतो. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्यास किंवा त्यात हवा सोडल्यास तो निघून जातो. तातडी असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरतात. घरगुती शुद्धीकरण यंत्राच्या (आरओ) पाण्यातील क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात. त्यामुळे नुसते तेच पाणी वापरल्यास वनस्पतींना कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळत नाही.

या भागातील काळा बेसाल्ट दगड पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे तो सजावटीला योग्य असतो. दगडातील पोकळ्यांत मात्र काही वेळा पांढरे स्फटिक असतात, तर काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात. अशा दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून फेस येतो का ते पाहावे. फेस आल्यास त्यात चुना असून तो पाण्याचा कठीणपणा व सामू वाढवीत राहतो.

प्रकाश व कर्ब

वनस्पतीची अन्नाची भूक प्रकाशावर ठरते. प्रकाश जितका तीव्र तितके प्रकाशसंश्लेषण अधिक, आणि तितकी कर्ब, नत्र व इतर द्रव्यांची मागणीही अधिक. नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी खत कमी पडल्याने नव्हे, तर दिवा फार वेळ चालू ठेवल्याने निर्माण होतात. साध्या एलईडी दिव्याखाली दिवसाचे ६ ते ८ तास पुरेसे असतात. वेळ पाळणारे स्वयंचलित बटण (टायमर) बसविल्यास नियमितपणा राहतो. खिडकीतील थेट ऊन टाळणे चांगले. त्याने पाणी तापते व शेवाळ माजते.

वर दिलेल्या वनस्पती हवेतून पाण्यात विरघळणाऱ्या आणि माशांच्या श्वसनातून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर जगतात. सिलिंडरमधून हा वायू देणाऱ्या टाक्यांत साधारणतः ३० मि.ग्रॅ. प्रति लिटर ही पातळी राखली जाते. ती ओलांडल्यास मासे गुदमरतात. साखर व यीस्टच्या बाटलीतून निघणाऱ्या वायूवर नियंत्रण ठेवता येत नाही, म्हणून नवशिक्यांनी तो उपाय न केलेला बरा. ‘द्रवरूप कार्बन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रावणांत बहुधा ग्लुटाराल्डिहाइड असते. ते मुख्यतः शेवाळनाशक असून व्हॅलिसनेरियासारख्या वनस्पतींना त्याने इजा होऊ शकते.

रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात. उन्हाळ्यात पाण्याचे तापमान ३०° सेल्सियसच्या आसपास गेल्यावर पाण्यात मुळातच कमी प्राणवायू मावतो. अशा वेळी दाट लागवडीच्या टाकीत वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला तर पहाटेपर्यंत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसतात. विजेरीवर चालणारा पंप हा त्यावरील स्वस्त उपाय आहे.

अन्नद्रव्ये

वनस्पतींना मुख्य अन्नद्रव्ये (नत्र, स्फुरद, पालाश), दुय्यम अन्नद्रव्ये (कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक) आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये (लोह, मँगेनीज, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम इत्यादी) लागतात. यांपैकी जे सर्वांत कमी उपलब्ध असेल तेच वाढीची मर्यादा ठरवते. बाकीची कितीही वाढविली तरी उपयोग होत नाही.

मासे असलेल्या टाकीत नत्र व स्फुरद खाद्यातून आपोआप येतात. माशांनी सोडलेला अमोनिया काही प्रमाणात वनस्पती थेट घेतात, आणि उरलेल्याचे गाळणीतील जिवाणू आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. खाद्यातून पालाश व लोह मात्र वनस्पतींच्या गरजेपेक्षा कमी मिळतात. म्हणून मासे बऱ्यापैकी असलेल्या, मंद प्रकाशाच्या टाकीत केवळ पालाश व सूक्ष्म अन्नद्रव्ये देऊन काम भागते. मासे थोडे आणि वनस्पती दाट असतील तरच नत्र व स्फुरद वेगळे द्यावे लागतात. नायट्रेट ५ ते २० व फॉस्फेट ०.५ ते १ मि.ग्रॅ. प्रति लिटर ही पातळी सर्वसाधारणपणे पुरेशी मानली जाते.

शेतीतील विद्राव्य खतांचा वापर

नारायणगाव परिसरातील द्राक्ष व टोमॅटो यांसारख्या पिकांना ठिबक संचातून पाण्यात पूर्ण विरघळणारी खते दिली जातात. त्यांच्या पाकिटावरील तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांचे टक्के दाखवितात. स्फुरद व पालाश यांचे आकडे ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असल्याने मूलद्रव्याचे खरे प्रमाण त्याहून कमी असते. मत्स्यालयासाठी या आकड्यांपेक्षा नत्र कोणत्या रूपात आहे हे महत्त्वाचे असते.

१३:००:४५ हे पोटॅशियम नायट्रेट आहे. त्यातील नत्र नायट्रेटच्या रूपात असल्याने माशांना त्याचा तात्काळ धोका नसतो. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम टाकल्यास नायट्रेट सुमारे ५.८ व पोटॅशियम सुमारे ३.७ मि.ग्रॅ. प्रति लिटर वाढते. ००:५२:३४ हे मोनो पोटॅशियम फॉस्फेट आहे, त्याच्या ०.१ ग्रॅमने तेवढ्याच पाण्यात फॉस्फेट सुमारे ०.७ मि.ग्रॅ. प्रति लिटर वाढते. ००:००:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. त्याच्या १ ग्रॅमने पोटॅशियम सुमारे ४ मि.ग्रॅ. प्रति लिटर वाढते. मृदू पाण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटही वापरता येते.

१९:१९:१९ हे सर्वांत परिचित खत मात्र मत्स्यालयात वर्ज्य आहे. त्यातील नत्राचा मोठा भाग युरिया व अमोनियाच्या रूपात असतो. १२:६१:०० म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट, तसेच डीएपी, अमोनियम सल्फेट व युरिया यांनाही हाच नियम लागू होतो. युरियात ४६ टक्के नत्र असते. चिमूटभर, म्हणजे १ ग्रॅम युरिया १०० लिटर पाण्यात पडला तर त्यातून सुमारे ४.६ मि.ग्रॅ. प्रति लिटर अमोनियारूप नत्र तयार होऊ शकते. अमोनियाचा नेमका किती भाग विषारी मुक्त रूपात राहील हे सामू व तापमानावर ठरते. २८° सेल्सियसला सामू ७ असल्यास तो एक टक्क्याहून कमी, तर सामू ८ असल्यास सहा ते सात टक्के असतो. म्हणजे कूपनलिकेच्या कठीण पाण्यात तीच चूक जवळजवळ दहापट महाग पडते. मुक्त अमोनिया माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. मासे पृष्ठभागाशी येतात, कल्ले लालसर दिसतात आणि ते मरूही लागतात. असे घडल्यास लगेच निम्मे पाणी बदलणे, खाद्य बंद ठेवणे व हवा वाढविणे हे उपाय करतात. बदलावयाच्या पाण्याचे तापमान टाकीतील पाण्याशी जुळणारे असावे.

मात्रा इतकी अल्प असते की चमच्याने मोजणे धोक्याचे ठरते. त्यासाठी द्रावण करून ठेवतात. १०० लिटरच्या, मासे कमी व वनस्पती भरपूर असलेल्या टाकीसाठी एका बाटलीत ५०० मि.लि. पाण्यात १० ग्रॅम १३:००:४५ आणि १ ग्रॅम ००:५२:३४ विरघळविल्यास त्यातील २५ मि.लि. द्रावणातून आठवड्याला सुमारे ३ मि.ग्रॅ. प्रति लिटर नायट्रेट व ०.३५ मि.ग्रॅ. प्रति लिटर फॉस्फेट मिळते. हे द्रावण एकदम न देता दोन-तीन दिवसांच्या अंतराने विभागून देणे चांगले. ६० × ३० × ३० सें.मी. आकाराच्या प्रचलित टाकीत वाळू व दगड वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी राहते, म्हणून तिला याच्या निम्म्याहून कमी मात्रा लागते. या हिशेबाने १३:००:४५ चे एक किलोचे पाकीट १०० लिटरच्या टाकीला अडतीस वर्षे पुरेल. तेव्हा शेतासाठी आणलेल्या पिशवीतून चार-पाच चमचे काढून घेणे पुरेसे असते. पोटॅशियम नायट्रेट ज्वलनाला चालना देणारे असल्याने ते आगीपासून आणि मुलांपासून दूर, नाव लिहिलेल्या बंद डब्यात ठेवावे लागते.

लोह व सूक्ष्म अन्नद्रव्ये वेगळ्या बाटलीत ठेवतात, कारण फॉस्फेटच्या तीव्र द्रावणात लोह साका होऊन तळाशी बसते. लोह हे चिलेटेड स्वरूपात, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले असावे लागते. ईडीटीए प्रकारचे चिलेट सामू ६.५ च्या वर कमकुवत होत जाते, तर डीटीपीए सुमारे ७.५ पर्यंत टिकते. ईडीडीएचए त्याहूनही अल्कधर्मी पाण्यात टिकते, परंतु पाणी लालसर करते. हाच फरक शेतकऱ्यांना चुनखडीयुक्त जमिनीमुळे ठाऊक असतो. पिकांवर फवारण्यासाठीच्या मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांत जस्त व तांब्याचे प्रमाण लोहाच्या मानाने जास्त ठेवलेले असते, कारण ते पिकांच्या गरजेनुसार ठरविलेले असते. मत्स्यालयात त्याने कोळंबी व गोगलगाई दगावू शकतात. तेथे मत्स्यालयासाठीच तयार केलेले सूक्ष्म अन्नद्रव्यांचे द्रावण घेणे इष्ट असते.

शेतीच्या साहित्यातून येणारा आणखी एक धोका खताचा नसून भांड्यांचा असतो. द्राक्षबागेत मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारले जाते. अशा फवारणीसाठी किंवा कीटकनाशकासाठी वापरलेली बादली, मोजपात्र अथवा नळी मत्स्यालयाला कधीही लावू नये. तिच्यात उरलेला अंशही पुरेसा घातक असतो.

मुळांपाशी खत

व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरिन व स्वोर्ड यांच्यासाठी वाळूत खोचावयाच्या खतगोळ्या मिळतात. भातपट्ट्यातील वाचकांना यावरून चारसूत्री भात लागवडीतील युरिया-डीएपी ब्रिकेट आठवणे स्वाभाविक आहे. त्या गोळ्याही चार चुडांच्या मध्ये चिखलात ७ ते १० सें.मी. खोल खोचल्या जातात. साम्य एवढेच. भातखाचरातील घट्ट चिखल अमोनिया धरून ठेवतो. मत्स्यालयातील भरड वाळूतून तो तासाभरातच वर येऊ लागतो. अडीच-तीन ग्रॅमच्या अशा एका गोळीत सुमारे एक ग्रॅम नत्र असते, आणि ते ५० लिटर पाण्यात उतरल्यास मासे दगावू शकतात.

मातीचा थर वापरावयाचा असल्यास शेणखत अथवा रासायनिक खत न पडलेली साधी माती चाळून २ ते ३ सें.मी. थरात पसरतात व वर तेवढाच बारीक वाळूचा थर देतात. चिकण काळी माती पाण्यात फुगते व ढवळल्यास पाणी दिवसेंदिवस गढूळ राहते, म्हणून तिच्यात वाळू मिसळावी लागते. मातीच्या टाकीला पहिले काही महिने दुसरे कोणतेही खत लागत नाही.

पहिले काही आठवडे

रोपवाटिकेत बहुतेक मत्स्यालय-वनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढविलेल्या असतात. पाण्याखाली आल्यावर त्यांची जुनी पाने पिवळी पडून कुजतात आणि पातळ, वेगळ्या आकाराची नवी पाने फुटतात. हा बदल दोन ते सहा आठवडे चालतो. या काळात पाने गळतात म्हणून खत वाढविणे ही सर्वाधिक आढळणारी गैरसमजूत आहे. मूळ धरलेले नसताना वनस्पती फारसे खत घेऊ शकत नाही, आणि ते शेवाळाच्या कामी येते. कुजलेली पाने कापून टाकणे, दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणे आणि दिवा सहा तासांवर ठेवणे एवढेच करावयाचे असते. नवी पाने दिसू लागल्यावर अर्ध्या मात्रेने खत सुरू करतात.

कमतरतेची लक्षणे

नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पतीच्या आत हलू शकतात. ती कमी पडली की वनस्पती जुन्या पानांतून काढून ती शेंड्याकडे नेते. म्हणून त्यांची लक्षणे खालच्या पानांवर दिसतात. सर्व पान फिकट पिवळे होणे हे नत्राच्या, तर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडून त्यांच्या कडा पिवळ्या होणे हे पालाशाच्या कमतरतेचे लक्षण असते. लोह व कॅल्शियम असे हलत नाहीत, त्यामुळे त्यांची लक्षणे नव्या पानांवर येतात. लोह कमी असल्यास शेंड्याची पाने फिकी, जवळजवळ पांढरी येतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसावर शेतकरी ज्याला केवडा म्हणतात तेच हे लक्षण होय. कॅल्शियम कमी पडल्यास नवी पाने वाकडी व आखूड येतात.

जुने पान एकदा बिघडले की सहसा पूर्ववत होत नाही. उपाय लागू पडला की नाही हे दोन-तीन आठवड्यांनी आलेल्या नव्या पानांवरूनच ठरविता येते. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा कारण कळत नाही. गोगलगाई किंवा माशांनी कुरतडलेली पानेही छिद्रांसारखी दिसतात. गोल्डफिश तर बहुतेक मऊ वनस्पती खाऊन टाकतो. त्याच्यासोबत जावा फर्न व अनुबियासच टिकतात.

शेवाळ व छाटणी

काचेवरील हिरवी-तपकिरी पुटी नव्या टाकीत स्वाभाविक असतात आणि बहुधा आपोआप ओसरतात. शेवाळ वाढले की खत पूर्ण बंद करण्याची प्रथा आहे, परंतु त्याने वनस्पती अशक्त होऊन शेवाळालाच वाव मिळतो. आधी दिव्याचा वेळ व माशांचे खाद्य कमी करणे अधिक परिणामकारक ठरते. अनुबियासच्या पानांवर काळ्या ठिपक्यांचे शेवाळ आल्यास तिला सावलीत हलवितात.

उंच वाढणाऱ्या वनस्पतींचे शेंडे १० ते १५ सें.मी. लांबीचे कापून तेच पुन्हा वाळूत लावता येतात. व्हॅलिसनेरियाचे पान मधोमध कापल्यास ते टोकाकडून सडते, म्हणून लांब पान बुडाशीच काढावे. छाटणीने टाकीतील नत्र व स्फुरदच बाहेर काढले जात असते, त्यामुळे कापलेला पाला पाण्यात राहू देऊ नये.

स्थानिक वनस्पती व संकलन

हायड्रिला, सेराटोफायलम व व्हॅलिसनेरिया महाराष्ट्रातील तळी, कालवे व संथ ओढ्यांत नैसर्गिकरीत्या आढळतात. अशा ठिकाणची मूठभर फांदी घरच्या टाकीत लावणे हा छंदाचा सर्वांत स्वस्त प्रारंभ आहे. मात्र तिच्यासोबत चतुराच्या अळ्या, जळवा व गोगलगाईंची अंडी येतात. म्हणून ती आधी एक-दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून रोज पाहतात. शेताकडेच्या चारीतील फांदीवर कीटकनाशकाचा अंश असू शकतो.

सर्वच स्थानिक वनस्पती घेण्याजोग्या नसतात. उत्तर सह्याद्रीतील जांभ्याच्या पठारांवर, पावसाळ्यातील उथळ पाण्यात उगवणारी वायतुरा (ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस) ही १९८२ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेली प्रदेशनिष्ठ वनस्पती धोक्यात आलेली मानली जाते. तिचे कंद पावसाळ्यानंतर जमिनीत सुप्तावस्थेत जातात. बारमाही पाण्याच्या काचपेटीत तिला हे चक्र मिळत नाही. आंबेगावच्या पश्चिमेस असलेल्या भीमाशंकर अभयारण्यातून कोणतीही वनस्पती आणणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार निषिद्ध आहे.

जादा वनस्पतींची विल्हेवाट

मत्स्यालयातील वनस्पती उघड्या पाण्यात गेल्यावर काय होते याची उदाहरणे दोन्ही दिशांची आहेत. आशियातील हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालय-व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पोहोचली आणि तेथील तळी व कालवे तिने भरून टाकले. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा ही भारतीय वनस्पतीही तेथे उपद्रवी तण म्हणून घोषित आहे. उलट दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेली जलपर्णी पुण्यातील मुळा-मुठा, पवना व इंद्रायणी या नद्यांवर दरवर्षी पसरते.

डिंभे जलाशय (हुतात्मा बाबू गेनू सागर) कुकडी प्रकल्पाचा भाग असून त्याचे पाणी कालव्यांतून जुन्नर, आंबेगाव व त्यापुढील तालुक्यांत जाते. धरणात जमिनी गेलेल्या आदिवासी कुटुंबांपैकी अनेकांनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने जलाशयातील मासेमारीसाठी सहकारी संस्था उभारली. या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी संलग्न असलेला इक्वेटर पुरस्कार मिळाला. दाट तरंगत्या वनस्पती पसरल्यास जाळी टाकणे अवघड होते व पाण्यातील प्राणवायू घटतो. घोड नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमेवर उजनी जलाशय आहे. मत्स्यालयांतून सोडलेला मूळचा दक्षिण अमेरिकी सकर मासा उजनीत आढळला आहे व तो मच्छिमारांची जाळी फाडतो.

या कारणांमुळे छाटलेला पाला किंवा नको असलेली रोपे ओढ्यात, चारीत वा शौचकूपात टाकत नाहीत. ती दोन-तीन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवून कंपोस्ट खड्ड्यात घालतात. पाणी बदलताना निघालेले पाणी गाळूनच झाडांना घातले जाते, कारण त्यात तुकडे, बीजे व गोगलगाईंची अंडी असतात. त्यात विरघळलेले नायट्रेट कुंडीतल्या झाडांना खत म्हणून उपयोगी पडते.